टायरच्या हवेचा पिवळा दिवा पेटला तर काय करायचं? बेळगाव भागातल्या नव्या गाडीवाल्यांसाठी

डॅशबोर्डवर एक पिवळं चित्र पेटतं. घोड्याच्या नालेसारखा आकार, तळाशी खाचा, मधे उद्गारचिन्ह. पहिलीच गाडी घेतलेल्या माणसाला वाटतं, इंजिनाचं काहीतरी गेलं. इंजिनाचा त्याच्याशी संबंध नाही. हा टायरमधल्या हवेचा दिवा, म्हणजे टीपीएमएसचा (टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टिम, टायरच्या दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा). तो पेटला की आपल्याकडे लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर 'सेन्सर गंडलाय' म्हणून महिनोन्‌महिने तसेच फिरतात, नाहीतर मेनूत जाऊन रिसेट दाबतात आणि दिवा गेला म्हणून खूश होतात. रिसेट ही सगळ्यात शेवटची पायरी आहे. तिच्याआधी काय काय बघायचं ते क्रमानं घेऊ.

दिवा कसा पेटतोय?

चावी ऑन केल्यावर काही सेकंद दिवा लागून विझतो, ती रोजची तपासणी. ते ठीक आहे. त्यानंतर दोन प्रकार उरतात. दिवा पेटून स्थिर राहिला तर कुठल्या तरी चाकात हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर हवेबद्दल तो काहीच सांगत नाही. यंत्रणा स्वतःच बिघडली आहे, एवढंच सांगतो. गल्लत होते ती इथेच. लुकलुक संपल्यावर दोन्ही दिवे सारखेच दिसतात. म्हणून गाडी पुन्हा बंद करून चालू करा आणि पहिली दोन मिनिटं नजर डॅशबोर्डवर ठेवा. गाडी हलवायची नाही.

चालत्या गाडीत पेटला तर? शहरात असाल तर कडेला घेऊन, उतरून गाडीभोवती एक फेरी मारून बघा. घाटात मात्र डोकं शांत ठेवा. कणकुंबीच्या पुढे चोर्ल्यात, खानापूर-लोंढ्याच्या पलीकडे अनमोडला किंवा चंदगडहून आंबोलीकडे जाताना, पावसाळ्याच्या धुक्यात वळणावर गाडी उभी करणं हे हवा कमी असण्यापेक्षा धोक्याचं. स्टेअरिंग एका बाजूला ओढत नसेल, धपधप आवाज नसेल, तर जोरात ब्रेक न लावता वेग कमी करा आणि रुंद जागा येईपर्यंत सावकाश चला. पडद्यावर चाकांचे आकडे दिसत असतील तर ते बघा. आकडा २६-२७ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) थांबला असेल तर पुढच्या गावापर्यंत जाता येतं. बघता बघता २४, २२, १९ असा उतरत असेल तर पहिली सुरक्षित जागा मिळाली की थांबा, इंडिकेटर चारी लावा. चपट्या टायरवर दोन किलोमीटर रेटलं की दीडशे रुपयांचं पंक्चर नव्या टायरवर जातं.

स्वतःचं गेज घ्या

या सगळ्या लेखातलं एकच वाक्य पाळायचं असेल तर हे: आपलं स्वतःचं हवेचा दाब मोजायचं गेज गाडीत ठेवा. पंपावरची यंत्रं एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच टायरला एका पंपावर ३३, दुसऱ्यावर ३० दाखवलेलं कुणालाही सापडेल. साधं डिजिटल गेज फार महाग नसतं. दिवा आणि गेज यांच्यात वाद झाला तर आधी गेजचं ऐकायचं.

मोजायचं ते थंड टायरवर. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली किंवा दीड-दोन किलोमीटरच चाललेली. सकाळी दूध आणायला जाण्याआधीची वेळ सगळ्यात चांगली. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर असतं, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. टायरच्या बाजूला कोरलेला मोठा आकडा बघून हवा मारू नका. तो टायरला झेपणारा कमाल दाब आहे, तुमच्या गाडीला लागणारा नाही. पट्टीवर बहुतेक वेळा दोन ओळी असतात, एक रोजच्या वजनाची, दुसरी भरलेल्या गाडीची. सौंदत्तीला नाहीतर जोतिबाला पाच माणसं आणि सामान घेऊन निघणार असाल तर दुसरी ओळ पाळा. मागच्या चाकांचा आकडा तिथे वेगळा असू शकतो.

आकडे कधी पीएसआयमध्ये असतात, कधी बारमध्ये, कधी किलोपास्कलमध्ये. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, म्हणजे १४.५ पीएसआय. पट्टीवर २३० किलोपास्कल लिहिलंय म्हणजे साधारण ३३ पीएसआय. धारवाडच्या पुढे पंपावर 'गाळी' (कन्नडमध्ये हवा) म्हटलं की पोरगा नळी घेऊन येतो, पण आकडा बोटांनीच दाखवा. नाहीतर तो सगळ्यांना मारतो तेवढीच तुम्हालाही मारतो.

चारही चाकं मोजली, लिहून ठेवली, पट्टीप्रमाणे भरली, गाडी वीसेक मिनिटं चालवली आणि दिवा गेला, तर काम झालं. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजा. सगळी चाकं सारखी उतरली असतील तर काळजी नको, महिन्याला एखादा-दुसरा पीएसआय चांगल्या टायरमधूनही जातो. एकच चाक खाली गेलं असेल तर खाली 'गळती' बघा.

डिसेंबरच्या सकाळीच का पेटतो?

हा प्रश्न बेळगावात दरवर्षी थंडी पडली की ऐकू येतो. पंक्चर नाही, काही नाही, सकाळी कामावर निघताना दिवा, दुपारी गायब. लोक सेन्सरला शिव्या देतात, सेन्सर बिचारा बरोबर असतो.

हिशोब असा. तापमान १० अंश सेल्सिअसनं उतरलं की गाडीच्या टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयनं उतरतो. समजा ऑक्टोबरच्या उन्हात भर दुपारी हुबळीहून आलात आणि पंपावर गरम टायरमध्ये मोजून ३३ भरली. आतली हवा तेव्हा पन्नाशीच्या पुढे तापलेली. तीच हवा डिसेंबरच्या पहाटे १४ अंशांवर आली की गेज २७ दाखवणार. मधल्या महिन्यांत आपोआप गेलेली दोन पीएसआय धरा, २५ उरले. आणि बहुतेक गाड्यांत ठरलेल्या दाबापेक्षा पाव भाग कमी झाला की दिवा पेटतो. अमेरिकेत तर हा २५ टक्क्यांचा नियमच आहे, २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. ३३ चा पाव भाग गेला की उरतात २५ च. म्हणजे पंक्चर नसतानाही दिवा पेटला, आणि खरंच पेटायला हवा होता, कारण टायर महिनाभर कमी हवेवर चालत होता. दुपारी ऊन आणि रस्ता तापला की आकडा वर सरकतो आणि दिवा विझतो. दोष कायम असतो, लपतो एवढंच.

यातून दुसरीही गोष्ट निघते. दिवा पेटेपर्यंत वाट बघणं म्हणजे पाव भाग हवा जाईपर्यंत वाट बघणं. महिन्यातून एकदा गेज लावणं हे काम टीपीएमएसनं संपवलेलं नाही.

आता घाटाचं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच. बाहेरच्या हवेचा दाब इथे पणजीपेक्षा कमी, आणि गेज नेहमी आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक दाखवतं. त्यामुळे बेळगावात मोजून भरलेलं ३३ गोव्यात उतरल्यावर, तापमान तेवढंच असेल तर, सव्वा पीएसआयनं कमी दिसतं. हवा गेलेली नसते. पण गोव्यातली रात्र हिवाळ्यात बेळगावपेक्षा उबदार, त्यामुळे सकाळी मोजलंत तर फरक बराचसा भरून निघतो. गोव्याहून भरून वर आलात तर उलट. एवढ्या फरकासाठी हवा काढायची किंवा घालायची गरज नाही. चोर्ला उतरल्यावर लगेच मोजू तर नकाच. ब्रेक तापलेले, रिम तापलेली, चार-पाच पीएसआय जास्त दिसणं साहजिक आहे. गरम टायरमधली 'जादा' हवा काढून टाकली की दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा पेटणार हे लिहून ठेवा.

नायट्रोजन भरला म्हणजे हे सगळं टळतं असं दुकानात सांगतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजन कोरडा असतो हा फायदा खरा, पण थंडीत त्याचाही दाब उतरतो. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये वाटेत साधी हवा घातली तर काही बिघडत नाही.

तुमच्या गाडीत कुठली यंत्रणा आहे?

पुढचं सगळं यावर अवलंबून. पडद्यावर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसत असतील तर ती डायरेक्ट. प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी सेन्सर असतो, त्यात छोटी बॅटरी, आणि तो रेडिओ लहरींनी आकडा पाठवतो. आकडे दिसत नसतील आणि मेनूत किंवा बटणावर फक्त 'सेट' किंवा 'रिसेट' असेल तर बहुधा इनडायरेक्ट. तिला चाकात सेन्सर नसतोच. एबीएसचे (ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चाकांचा वेग मोजतात, हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होऊन जास्त वेगानं फिरतं, त्यावरून ती अंदाज करते. टाटाच्या काही गाड्यांत ती आयटीपीएमएस नावानं येते. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या मॉडेलांत वेगळी यंत्रणा असू शकते, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका, सोबत आलेलं पुस्तक उघडा.

इनडायरेक्टच्या दोन मर्यादा. चारही चाकांची हवा सारखीच हळूहळू गेली तर तिला पत्ता लागेलच असं नाही. आणि चाकं सारखी नसली की ती गोंधळते: एकच टायर नवा टाकला, स्टेपनी लावली (बऱ्याच गाड्यांत स्टेपनी लहान मापाची असते), तर हवा पुरेशी असूनही दिवा येतो. इथे रिसेटचं काम आहे, पण क्रम महत्त्वाचा. आधी थंड टायरमध्ये पट्टीप्रमाणे हवा, मग रिसेट, मग गाडी चालवून तिला शिकू द्यायचं. २६ वर असताना रिसेट दाबलंत तर ती २६ लाच बरोबर समजून बसते आणि पुढे खरी कमी झाली तरी उशिरा बोलते. शिकवायला सलग, फारशी वळणं नसलेला रस्ता बरा. बेळगावातून हायवेला लागून हिरेबागेवाडीच्या बाजूला अर्धा तास जाऊन या. गणपत गल्लीतल्या गर्दीत ती काही शिकत नाही.

एकच चाक उतरतंय: गळती

एका बाटलीत भांड्यांच्या साबणाचं पाणी करा. चाकात पट्टीपेक्षा थोडी जास्त हवा भरा म्हणजे बुडबुडे लवकर दिसतात. मग या क्रमानं ओता: व्हॉल्व्हची टोपी काढून पिनवर, व्हॉल्व्हच्या मुळाशी, टायर आणि रिम जिथे भेटतात त्या कडेवर, शेवटी नक्षीवर. चाकाचा खालचा भाग जमिनीत दबलेला असतो, म्हणून गाडी अर्धा फेरा पुढे घेऊन उरलेला भागही बघा. बुडबुडे मोठेच असतात असं नाही, कधी नुसता पांढरा बारीक फेस हळूहळू जमतो. दोन मिनिटं थांबून बघा.

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडे पंक्चर वाढतात. उसाच्या ट्रॉल्यांचे नट-बोल्ट रस्त्यावर पडलेले असतात, आणि बैलगाड्यांच्या बैलांच्या पत्र्या निसटतात, त्यांचे खिळे तर टायरमध्ये इतके नीट बसतात की हवा आठवडाभर थेंबाथेंबानं जाते. अशा वेळी टीपीएमएसचा खरा उपयोग. खिळा दिसला तरी रस्त्यात उपटू नका. तो आहे तोवर भोक बऱ्यापैकी बुजलेलं असतं. पंक्चरवाल्याकडे जाऊन मगच काढा. बाजूच्या भिंतीत गेला असेल तर टायर बदलावाच लागतो, तिथलं पंक्चर काढून मिळतं म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

पावसाळ्यानंतर खानापूर भागातल्या गाड्यांत दुसरंच दुखणं दिसतं. खड्ड्यात आदळून रिमची कड वाकलेली असते. साबणाचा फेस कडेला येतो. रिम सरळ करणारी दुकानं उद्यमबागेत आणि ऑटोनगरला विचारलीत तर सापडतील, पण अलॉयला तडा असेल तर वेल्डिंग करून घेण्यापेक्षा रिम बदला.

व्हॉल्व्हच्या पिनमधून फेस आला तर पिन बदलणं दोन मिनिटांचं काम. फक्त एक लक्षात असू द्या: डायरेक्ट सेन्सरचा व्हॉल्व्ह बऱ्याचदा अॅल्युमिनियमचा असतो. त्यात साधी पितळी पिन घातली की दोन धातू एकमेकांना खातात, गोव्याच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. निकेलचा मुलामा असलेली पिन मागा. टोपीही प्लास्टिकचीच ठेवा. चकचकीत धातूच्या टोप्या व्हॉल्व्हवर अशा अडकतात की काढताना व्हॉल्व्हच मोडतो, आणि व्हॉल्व्ह मोडला की काही गाड्यांत सेन्सरसकट खर्च.

दिवा लुकलुकतोय: सेन्सर

हवा चारही चाकांत बरोबर, तरी लुकलुक. पडद्यावर एका चाकाच्या जागी आकड्याऐवजी आडव्या रेघा. गाडी नुसती उभी असताना रेघा दिसणं नेहमीचंच, कारण सेन्सर बॅटरी वाचवायला झोपतो आणि साधारण २५-३० च्या वेगाला जागा होतो. दहा मिनिटं चालवूनही रेघा तशाच असतील तर पुढची कारणं या क्रमानं तपासा.

अलीकडे टायर काढला होता का? असेल तर पहिला संशय तिथेच. टायर रिमवरून सोडवताना मशीनचा दाब व्हॉल्व्हच्या बाजूला आला की आतला सेन्सर फुटतो. म्हणून पंक्चरवाल्याला काम सुरू करण्याआधीच सांगा, 'मामा, आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हपासून लांबनं सोडवा.' चांगला माणूस लगेच चाक फिरवून घेतो.

स्टेपनी लावलेली आहे का? बहुतेक स्टेपनीत सेन्सर नसतो. मूळ चाक परत बसवलं की लुकलुक आपोआप जाते.

टायर फिरवले, म्हणजे पुढचे मागे केले का? मग लुकलुक नसेल, पण आकडे चुकीच्या चाकाला दाखवले जात असतील. ओळखायची सोपी युक्ती: पुढच्या डाव्या चाकातून तीन-चार पीएसआय काढा, थोडं चालवा, पडद्यावर कुठल्या चाकाचा आकडा उतरतो ते बघा. काही गाड्या जागा स्वतः ओळखतात, काहींना सर्व्हिस सेंटरच्या यंत्रानं शिकवावं लागतं. मग ती चार पीएसआय परत भरा, हे विसरायला होतं.

नवा डॅशकॅम, स्वस्तातला मोबाइल चार्जर किंवा बाहेरून लावलेले एलईडी दिवे आल्यापासून त्रास सुरू झाला का? सेन्सरचे संदेश फार क्षीण असतात, असली उपकरणं त्यांत खरखर करतात. सगळं काढून एक दिवस फिरा.

यातलं काहीच नसेल आणि गाडीला पाच ते दहा वर्षं झाली असतील, तर बॅटरी संपली. ती सेन्सरच्या आत रेझिनमध्ये बंद असते, बदलून मिळत नाही, सेन्सरच बदलायचा. टायरच्या बऱ्या दुकानात हातात धरायचं टीपीएमएस यंत्र असतं. ते व्हॉल्व्हजवळ नेलं की प्रत्येक सेन्सरचा क्रमांक, दाब आणि बॅटरीची स्थिती दिसते. पैसे देण्याआधी ते आपल्या डोळ्यांनी बघा. शे-दोनशेचा ब्लूटूथ स्कॅनर इथे फारसा उपयोगी नाही. एक गेला तर चौघेही बदला असा आग्रह होतो. गाडी जुनी आणि टायरही संपत आलेले असतील तर त्यात तथ्य आहे, एकदाच सगळे टायर उतरवले की मजुरी वाचते. टायर नवे असतील तर एकच बदलून घ्या.

नवा सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झचा हवा. अमेरिकेतल्या मुलानं येताना स्वस्तात आणलेला ३१५ चा असू शकतो, तो इथल्या गाडीशी बोलणार नाही.

बाहेरून बसवलेलं किट

व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी फिरवून बसवायचे सेन्सर आणि डॅशबोर्डवर सौर पडदा, असं किट ऑनलाइन मिळतं. जुन्या गाडीला ते वाईट नाही. पण हा सेन्सर व्हॉल्व्हची पिन दाबून ठेवतो, म्हणजे तो नीट घट्ट बसला नाही तर हवा तिथूनच जाते. बसवल्यावर साबणाचं पाणी लावाच. जुना रबरी व्हॉल्व्ह असेल तर आधी तो बदला, तडकलेल्या रबरावर वजन टांगू नका. यात गोल नाण्यासारखी बॅटरी असते, बहुधा सीआर १६३२, ती घरी बदलता येते. किती दाबाला सूचना द्यायची ते पहिल्याच दिवशी स्वतः भरा.

स्टेपनी नसलेली गाडी आणि जुनी गाडी

२०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, टायर दुरुस्तीचं किट आणि टीपीएमएस असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. त्यामुळे काही नव्या गाड्यांत डिकी उघडली की चाकाऐवजी पंप आणि जेलची बाटली. जेल भोक बुजवतं, पण सेन्सरचं छिद्रही बुजवू शकतं. नुसत्या पंपानं खानापूरपर्यंत पोचता येत असेल तर जेल वापरू नका. वापरलंच तर पंक्चर काढताना आतला सेन्सर पुसून घ्यायला सांगा.

आणि कोल्हापूरहून एमएच ०९ ची जुनी गाडी आणायला जाणार असाल तर चावी ऑन करून डॅशबोर्ड बघा. त्या मॉडेलला टीपीएमएस असूनही दिवा सुरुवातीला क्षणभरही लागला नाही, तर बहुधा कुणीतरी तो मुद्दाम बंद केला आहे. चार सेन्सरांची किंमत आधी विचारून ठेवा आणि तेवढे पैसे किमतीतून कापून मागा.